बाहेर झोपणारे भित्रे नव्हते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला २००१ च्या गुजरात भूकंपावरचा लेख सकाळी वाचून बाजूला ठेवला होता. संध्याकाळी पुन्हा काढून वाचला, रात्री झोप लागेना, म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. लेखकाने कच्छबद्दल मन लावून लिहिले आहे, भूज नव्याने कसे वसले तेही नीट सांगितले आहे. त्याबद्दल काही म्हणणे नाही. माझे म्हणणे आहे ते अहमदाबादच्या परिच्छेदाबद्दल. शहरातले लोक अफवांना बळी पडून आठवडेच्या आठवडे उघड्यावर झोपले, एवढे एक वाक्य लिहून लेखक पुढे गेला. खाली चौकटीत वाचकांना सल्ला, की घाबरून जाऊ नका.

त्या उघड्यावर झोपणाऱ्यांत माझी सख्खी मोठी बहीण होती.

ताई तेव्हा अहमदाबादच्या मणिनगरला राहायची. २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास आम्ही इथे नंदुरबारला कचेरीच्या आवारात झेंडावंदनासाठी जमलो होतो. हादरा आम्हालाही जाणवला. केंद्र कच्छमध्ये भचाऊकडे आहे असे कळले तेव्हा खरे सांगतो, मला हायसे वाटले, कारण अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब. संध्याकाळी टीव्हीवर अहमदाबादच्या पडलेल्या इमारती दाखवल्या, त्यात मणिनगरचे नाव आले. रात्री अकरापर्यंत एसटीडी बूथवर उभा होतो. फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी अहमदाबादची नवजीवन एक्सप्रेस पकडली.

सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर ताई एका खाटेवर बसलेली सापडली. अंगावर दाजींचा स्वेटर, पायात दोन वेगवेगळ्या चपला. आजूबाजूला तीस-चाळीस कुटुंबे. चादरी बांधून आडोसे केलेले, मध्ये एका गॅसवर सगळ्यांचा चहा. घर समोरच उभे होते, चार मजली, खाली मोकळे पार्किंग. मी म्हटले, चल, वर जाऊन बघू. ती म्हणाली, ‘‘भाऊ, भीतले हात लावाले बी भ्याव वाटस.’’ आमच्या घरात सगळ्यात धीट कोण म्हणून विचारले असते तर सगळ्यांनी तिचेच नाव सांगितले असते.

अफवा होत्या, हे मी नाकारत नाही. अमुक तारखेला अमुक वाजता मोठा धक्का येणार, असे रोज कोणीतरी सांगत यायचे. भूकंपाची तारीख-वेळ आधी कोणालाच सांगता येत नाही, हे तिथल्या बहुतेकांना ठाऊकही होते. पण लोकांना बाहेर ठेवले होते ते भिंतीवरच्या भेगांनी. भेग दिसत होती आणि ती नुसती गिलाव्याची आहे की खांबाची, हे सांगणारा कोणी नव्हता. ज्याला हे ठाऊक नाही तो लेकराबाळांना घेऊन आत झोपेल का? संपादकसाहेब, तुम्ही झोपाल?

मी तेव्हा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. शिक्षण पदविकेपर्यंत, काम रस्त्यांचे आणि मोऱ्यांचे. मोठा तज्ज्ञ असल्याचा आव मी तेव्हाही आणला नाही. पण पिशवीत ओळंबा होता, लहान हातोडा, टॉर्च आणि खडू होता. दाजींना घेऊन पार्किंगमधला एक एक खांब पाहिला. अशा इमारतीत वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार असतो आणि खाली नुसते खांब. हेलकावा सगळा त्या खांबांच्या डोक्याशी आणि पायाशी येतो. अहमदाबादला पडलेल्या इमारतींत अशा मोकळ्या पार्किंगच्या पुष्कळ होत्या. ताईच्या इमारतीत एका खांबाच्या कोपऱ्याचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचा बाहेरचा थर, उडाले होते, आतल्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगा दिसत होत्या, नऊ-नऊ इंचांवर, पाहिजे त्याहून कितीतरी विरळ. पण सळया सरळ होत्या आणि आतले काँक्रीट वाजवले तर टणक वाजत होते. वर भिंतींना कात्रीसारख्या तिरक्या भेगा होत्या, त्या विटांतल्या. खांब-बीमच्या जोडात भेग नव्हती. ओळंब्यात खांब उभे होते.

खाली येऊन मी सांगितले, भिंती दुरुस्त कराव्या लागतील, खांबांना पुढे बळकटी द्यावी लागेल, पण इमारत आज आहे तशी उभी राहील असे मला वाटते. ताई म्हणाली, ‘‘तू भाऊ शे म्हनीसन धीर देस.’’

तेव्हा मी काचा लावल्या. जुन्या पुलांवर भेग हलते आहे का ते पाहायला आम्ही हेच करायचो. सोसायटीत फुटलेल्या तावदानांचा ढीग होता. एका काचवाल्याने त्यातून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून दिल्या, पैसे घेतले नाहीत. प्रत्येक भेगेवर पट्टी आडवी धरायची, दोन्ही टोके सिमेंटने चिकटवायची, वर तारीख आणि वेळ लिहायची. भेग केसभर जरी सरकली तरी काच तडकते, कारण काच ताणली जात नाही. जिन्यात आणि पार्किंगमध्ये मिळून अकरा पट्ट्या लावल्या. सगळ्यांना सांगितले, आता माझ्यावर विश्वास ठेवू नका, काचेवर ठेवा.

त्या रात्री अडीचच्या सुमारास धक्का बसला. सगळे उठून बसले, बायका देवाचे नाव घेऊ लागल्या. तिसऱ्या मजल्यावरचा दहा-बारा वर्षांचा मुलगा टॉर्च घेऊन पार्किंगकडे पळाला. आई मागून ओरडते आहे आणि तो एकेका काचेवर उजेड टाकतो आहे. मग तिथूनच ओरडला, ‘‘काच नथी तूटी!’’ चाळीस कुटुंबे ते ऐकून कशी शांत झाली ते मी पाहिले आहे. दोन दिवसांनी बायका वर जाऊन स्वयंपाक करू लागल्या. आठव्या रात्री ताई घरात झोपली, दाराशी, चपला उशाला ठेवून.

मी एका दिवसासाठी गेलो होतो, अकरा दिवस राहिलो. आजूबाजूच्या सोसायट्यांतून माणसे यायची, ‘‘भाई, अमारुं घर जोई आपशो?’’ आमचे घर पाहून द्याल का? नाही कसे म्हणणार? मी प्रत्येकाला सांगायचो की मला दाखला देण्याचा अधिकार नाही. त्यांना दाखला नकोच होता. कोणीतरी आत येऊन, भिंतीवर हात ठेवून, तोंडावर खरे सांगावे एवढेच हवे होते. बऱ्याच ठिकाणी ‘राहा’ म्हणालो. एका ठिकाणी ‘आत पाऊल ठेवू नका’ म्हणावे लागले. तिथे खांबाच्या डोक्याशी काँक्रीटचा चुरा झाला होता आणि सळया बाहेरच्या बाजूला वाकल्या होत्या. घरमालक गिरणीतून निवृत्त झालेले, आयुष्याची पुंजी त्या दोन खोल्यांत. त्यांनी ऐकून घेतले, मान हलवली आणि विचारले, ‘‘मग किती दिवस?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेही प्लॉटवर झोपत राहिले. तुमच्या लेखात त्यांची गणती अफवेला बळी पडलेल्यांत झाली आहे.

पुढे सरकारी पाहणी झाली. नुकसानीप्रमाणे घरांना जी-१ ते जी-५ अशा श्रेण्या दिल्या गेल्या, त्यावरून मदत ठरली. ती व्यवस्था हवीच होती. पण भरपाई किती मिळणार आणि आज रात्री इथे झोपू का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न पहिल्या दिवशीच उभा राहतो. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर अभियंत्यांनी इमारतींवर हिरवे, पिवळे, लाल स्टिकर लावले. निरक्षर म्हातारीलाही दारावरचा रंग कळतो.

हे सगळे पंचवीस वर्षांपूर्वीचे आणि परराज्यातले, असे कोणी म्हणू नये. २००२ च्या भूकंप नकाशात अहमदाबाद झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, आहे आणि नंदुरबार, धुळे, जळगावही झोन तीनमध्येच आहेत. नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत जुने भ्रंश, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या खडकांचे तडे, आहेत. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाच्या वरचा भूकंप झाला होता, आणि याच नर्मदेच्या पट्ट्यात मे १९९७ मध्ये जबलपूर हादरले. किल्लारी तर तेव्हाच्या नकाशात सगळ्यात सुरक्षित समजल्या जाणाऱ्या झोन एकमध्ये होती, तरी ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. आमच्याकडे धाब्याच्या घरांवर पावसाळ्याआधी दरवर्षी मातीचा नवा थर चढतो, जुना कोणी काढत नाही. त्या छताचे वजन आज किती झाले असेल ते घरमालकालाही ठाऊक नसते. आणि जी नवी कॉलनी उठते तिथे खाली पार्किंग, वर तीन-चार मजले. मी सकाळी फिरायला जातो तेव्हा बांधकाम चालू असेल तर थांबून रिंगा पाहतो. भूकंपात खांब टिकावा म्हणून रिंगा एकमेकींच्या जवळ घ्याव्यात आणि प्रत्येक रिंगेचे टोक काँक्रीटच्या आत वळवावे, हे १९९३ च्या भारतीय मानकात लिहिलेले आहे. मिस्त्रीला विचारले तर तो म्हणतो, साहेब, ते टोक वळवायला वेळ लागतो.

म्हणून माझी विनंती. ‘घाबरू नका’ ही चौकट छापण्याऐवजी खान्देशातल्या प्रत्येक नगरपालिकेला आणि महापालिकेला तुमच्या बातमीदारामार्फत एकच प्रश्न विचारा. उद्या हादरा बसला तर माझ्या वॉर्डात घर तपासायला कोण येणार, त्याचे नाव सांगा. आपल्याकडे तंत्रनिकेतने आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, माझ्यासारखे निवृत्त लोक गावोगाव बसून आहेत. खांब कसा पाहायचा, कुठे ‘नाही’ म्हणायचे, हे दोन-तीन दिवसांत शिकवता येते. यादी आधी तयार पाहिजे, ओळखपत्र आधी दिलेले पाहिजे, म्हणजे लोक दार उघडतील. मला सत्तरी उलटली आहे, जिने चढवत नाहीत, पण शिकवायला बोलावले तर येईन आणि मानधन घेणार नाही.

आणखी एक. गेल्या पावसाळ्यात मी आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसबद्दल पत्र पाठवले होते. तुम्ही ते छापले, आभारी आहे, पण शेवटचा भाग कापलात, आणि पत्र लिहिले होते ते त्याच भागासाठी. ताईची सोसायटी वाचली ती कॉमन प्लॉट मोकळा होता म्हणून. पडणाऱ्या भिंतींपासून लांब बसायला जागा होती, पाण्याचा टँकर आत येत होता, म्हाताऱ्यांना खाटा टाकता आल्या. आमच्या ओपन स्पेसवर अर्ध्या जागेत पत्र्याचे शेड उभे राहिले आहे, उरलेल्या जागेला जाळी मारून गेट लावले आहे. गेटला कुलूप असते. किल्ली कोणाकडे असते हे मी तीन वेळा लेखी विचारले, अजून उत्तर आलेले नाही.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर, नंदुरबार