नोटीस मी पाठवते, तू आधी फोन कर

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

रविवारी न जेवता गेलास, डबापण ओट्यावरच राहिला. वाटेत काही खाल्लंस का एवढंच विचारायला फोन केला होता, तू उचलला नाहीस, म्हणून हे लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतेय. मोठं झालंय, ऑफिसात वाचू नकोस, घरी गेल्यावर निवांत वाच. ऑफिसला जातोयस ना पण?

तू टेबलावर ठेवून गेलास ती नोटीस मी वकीलकाकांना नेऊन दाखवली. ते म्हणाले वहिनी, ही अशी गेली तर समोरचा वकील हिच्यावरच केस लढेल. तू लिहिलंयस १५ दिवसांत खोल्या रिकाम्या करा. अरे ते लिव्ह अँड लायसन्सवाले, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावर राहणारे नाहीत, आजोबांच्या वेळचे भाडेकरू आहेत, त्यांना १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू होतो. त्याच्या कलम १५ प्रमाणे आधी थकलेल्या भाड्याची लेखी मागणी करायची, ती त्यांना मिळाली की तिथून ९० दिवस थांबायचं, तोवर दावाच लावता येत नाही. तेवढ्यात त्यांनी सगळं भाडं भरलं तर विषय संपला. आणि दावा लावला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्यांनी थकबाकी, वर १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, नि निकाल लागेपर्यंत पुढचं भाडं भरत राहिले, तर या कारणावरून त्यांना काढता येत नाही. म्हणजे दिवाळीपर्यंत खोल्या मोकळ्या होतील हे तू डोक्यात धरलंयस ना, ते काढून टाक. कशाला एवढी घाई आहे तुला? महिना ४५० रुपये भाडं, त्यासाठी बंगलोरहून एवढा प्रवास करून कोणी भांडायला येतं का?

बरं, विचारणार नव्हते.

नोटीस तुझ्या नावानं आहे, पण घर माझ्या नावावर आणि भाडंही मीच घेते, मग मागणी माझ्या सहीनं नाहीतर माझ्यातर्फे वकिलाच्या सहीनं जायला हवी. आणि काढलीयस मागच्या खोल्यांतल्या काकांच्या नावानं! ते जाऊन दोन वर्षं होतील आता. नोटीस काकूंच्या आणि त्यांच्याजवळ राहतो त्या मुलाच्या नावानं काढायची.

आता माझी चूक सांगते, ऐकून चिडू नकोस. तू ३१ महिन्यांचे १३,९५० धरलेस कारण बाबांच्या पावतीपुस्तकात ते गेल्यानंतरची स्थळप्रतच नाही. पण बाबा गेल्यावर काकू ९ महिने भाडं देत होत्या, मी पावती फाडलीच नाही, बाबांच्या अक्षरातल्या पानापुढं लिहायला हात होईना. कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, '४५० मिळाले', तारखेसकट, नऊ वेळा. म्हणजे थकबाकी २२ महिन्यांची, ९,९०० रुपये. खरा आकडा तोच लिहायचा, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत तेपण स्पष्ट. पावती देणं माझं काम होतं, मी केलं नाही, त्याचा भुर्दंड त्या बाईवर टाकायचा नाही.

नोटीस पोचपावतीसकट स्पीड पोस्टानं जाईल. घेतली नाही आणि नकाराचा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडायचं नाही, तसंच बंद जपून ठेवायचं, कोर्टात तोच पुरावा. एक प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे, सही घेईन.

आणि लाइट तोडणार म्हणालास, ते परत तोंडातून काढू नकोस. पाणी, लाइट बंद करणं हा घरमालकाचा गुन्हा आहे, कैद होऊ शकते. रविवारी तू त्या मीटरच्या फळीवर हात ठेवलास आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याच फळीखाली तू स्टुलावर उभा राहून टॉर्च धरायचास, आठवतं? बाबा त्यांच्या बाजूची फ्यूजची तार बदलायचे, भर पावसात, रात्री अकराला, आणि काकू आतून तुझ्यासाठी दूध घेऊन यायच्या. टॉर्च जरा हलला की बाबा ओरडायचे, तरी तू कधी झोपायला गेला नाहीस. तो मुलगा असा कसा बोलेल? मी लेक्चर देतेय, कळतंय मला, माफ कर. भाडं थकवणं चूकच आहे, तू हक्काचंच मागतोयस आणि कागदपत्रं स्वतः काढून वाचलीस याचं मला कौतुक आहे, बाबांना तर फार झालं असतं.

पण सोन्या, ताई म्हणत होती तुझ्या कंपनीत माणसं कमी करतायत. तू इकडं राहायला येणार म्हणून खोल्या हव्यात का? तसं असेल तर पुढची खोली आहे की, बाबांची, मी पुस्तकं वर टाकते. त्यासाठी कोणाला काढायला नको.

वकीलकाकांनी नवीन मसुदा दिलाय, फोटो पाठवते. सही अजून केली नाही. आज रात्री फोन कर, नोटिशीचं नंतर बोलू, आधी नोकरीचं सांग.

तुझी
आई