लागली, आजी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या वाचकपत्रांत चिंचवडच्या एका गृहस्थांनी सोसायट्यांमध्ये सुट्टीत चाललेल्या ‘बंदूकबाजी’वर चांगलंच तोंडसुख घेतलं आहे. फोमच्या गोळ्या मारणारी खेळणी सरसकट बंद करा, असं त्यांचं म्हणणं. हे आमच्याच सोसायटीबद्दल तर नव्हे, ही शंका मला दोन दिवस स्वस्थ बसू देईना. असेल तर आरोपी मीच. या मे महिन्यात आमच्या आवारात तो खेळ मी भरवला होता.

मी ३१ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं आणि सुट्ट्यांच्या दिवशी खो-खोच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहिले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरचे म्हणतात की हिच्या बोलण्यात अजून शिट्टी वाजते. बंदुकीचं मला कौतुक नाही, हे आधीच सांगते. नातवाच्या वाढदिवसाला सुनेच्या भावाने फोमच्या गोळ्या मारणारा तो निळा-नारिंगी ब्लास्टर आणला, तेव्हा ‘दुसरं काही सुचलं नाही का रे?’ असं मी त्याला चारचौघांत विचारलं होतं. तो अजून माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

पण सुट्टी लागली आणि पाहते तर अशी दहा-बारा खेळणी आवारात. मुलं जिन्यात दबा धरून बसायची. लिफ्टचं दार उघडलं की आतल्यावर मारा. इस्त्रीवाले दादा कपड्यांचं गाठोडं घेऊन निघाले की मागून पाठीत. मग कमिटीने फळ्यावर ‘सक्त मनाई’ची नोटीस लावली. मुलं गच्चीवर गेली. पाचव्या मजल्याच्या वर, कठड्याला टेकून नेम धरताहेत, हे मी खालून पाहिलं आणि पोटात गोळा आला. त्याच संध्याकाळी सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, रोज साडेपाच ते साडेसहा, बी विंगच्या मागची मोकळी जागा, जबाबदारी माझी. ते म्हणाले, “बाई, लेखी द्या.” दिलं.

पत्रलेखकांनी डोळ्यांना होणाऱ्या इजेचा मुद्दा मांडला आहे, तो शंभर टक्के खरा आहे. २०१७ साली लंडनच्या मूरफिल्ड्स या डोळ्यांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा फोमच्या गोळीमुळे डोळ्याच्या आत रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, आणि त्यांतले दोघे तर मोठी माणसं होती. गोळी दिसते गरीब. नव्या खडूएवढी लांब, करंगळीएवढी जाड, पुढे मऊ रबराचं टोक. पण जवळून बुबुळावर बसली तर ती मऊ राहत नाही. म्हणून पहिला नियम हाच केला, की डोळ्यांवर गॉगल नाही तर खेळ नाही. बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंगवाले कारागीर घालतात ते पारदर्शक गॉगल मिळतात. साठ रुपयांना एक पडला. तीस आणले. चष्मेवाल्या मुलांना तो चष्म्यावरून घालावा लागतो आणि घामाने धुरकट होतो, अशी तक्रार रोज यायची. मी रोज तेच उत्तर द्यायची, धुरकट दिसतंय म्हणजे दिसतंय.

दुसरा नियम खेळण्यांचा. कडक प्लॅस्टिकचे छर्रे मारणारी, किंवा पाण्यात फुगवलेले जेलचे मणी उडवणारी बंदूक चालणार नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे, ती खोक्यावर दाखवायची. आणि खरीखुरी वाटेल अशी काळी बंदूक आणायचीच नाही. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीला भडक नारिंगी टोक लागतं, ते उगाच नाही. सातवीतल्या एका मुलाने जत्रेतली काळी बंदूक आणली, छर्र्यांची. मी ती काढून घेतली आणि माझ्या कपाटात गव्हाच्या डब्यामागे ठेवली. आठ दिवसांनी त्याची आई न्यायला आली, तेव्हा तिलाही गॉगल कसा घालायचा ते दाखवलं.

एवढी तयारी करून पहिल्या दिवशी खेळ अर्ध्या तासात मोडला.

मी आपली पंचाच्या थाटात. फक्कीने रेषा आखल्या, दोन संघ पाडले, शिट्टी मारली. पाच मिनिटांत चहूबाजूंनी एकच ओरडा. “लागली!” “नाही लागली!” “शर्टाला लागली!” “शर्टाची धरत नाहीत!” “ती आधी भिंतीला आपटली!” खो-खोत मी कुणाचं ऐकून घेत नाही. खो उशिरा दिला, पाठलाग करणाऱ्याने दिशा बदलली, पाय रेषेबाहेर गेला, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि माझा हात वर गेला की विषय संपला. इथे कसलं काय! एक पोरगं पाण्याच्या टाकीमागे, एक सोनचाफ्याच्या आडोशाला, दोघं पार्क केलेल्या टेम्पोच्या पलीकडे. गोळी सुटते त्याचा आवाज कळतो, लागते त्याचा कळत नाही. डाग पडत नाही, वळ उठत नाही. चार पंच उभे केले असते तरी उपयोग नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा हातात शिट्टी असून मला काही ठरवता येईना.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं, की गोळी लागली हे खात्रीने एकाच माणसाला ठाऊक असतं. ज्याला लागली त्याला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, आज मी निकाल देणार नाही. मारणाऱ्याने ‘लागली’ असं ओरडायचंच नाही. तोंडातून शब्द निघाला की तोच बाद. ज्याला लागली त्याने स्वतः सांगायचं. नववीतला एक जण हसला. “आजी, मग कोण सांगेल?” प्रश्न रास्त होता. बाद होऊन तासभर कट्ट्यावर बसायचं असेल तर मीही सांगितलं नसतं. तेव्हा आमच्या लहानपणीचं विषामृत कामाला आलं. गोळी लागली की ‘विष’. हात वर करून आहे तिथेच खाली बसायचं. आपल्यातला कुणी पळत येऊन डोक्याला हात लावून ‘अमृत’ म्हणाला की पुन्हा खेळात. लिंबू-टिंबूंना अमृत द्यायचं काम दिलं, कारण त्यांच्यावर गोळी मारायची नाही असं आधीच ठरलं होतं. पहिलीतली पिल्लं गॉगल सावरत गोळीबारातून नुसती धावत होती आणि मोठ्या पोरांच्या डोक्यावर टपल्या मारत होती.

त्या संध्याकाळची एक गोष्ट सांगते. आठ वर्षांचा एक मुलगा टाकीच्या मागे उकिडवा बसला होता. त्याच्या बाजूचे सगळे बसलेले, तो एकटाच शिल्लक. समोरच्यांना तो कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. कुणीतरी उगाच अंदाजाने एक गोळी वरून भिरकावली. ती टाकीच्या कडेला लागून उडाली आणि त्याच्या चपलेवर, अंगठ्यापाशी, येऊन पडली. हे मी पाहिलं, कारण मी त्याच्यामागेच झाडाला टेकून उभी होते. त्याने मला पाहिलं नव्हतं. त्याने ती गोळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, इकडेतिकडे बघितलं. मग उठला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “लागली, आजी!” आणि लगेच खालच्या आवाजात, “पण भिंतीला लागून आलेली धरतात का?”

धरत नाहीत. मी त्याला तसं सांगितलं. त्याचा संघ तरीही हरला.

सगळेच असे निघाले असं मी म्हणणार नाही. तो नववीतला शेवटच्या दिवसापर्यंत फसवत राहिला. त्याला गोळी लागतच नसे, असं अंग त्याचं. पण चौथ्या दिवशी मुलं त्याला पाहिलं की ‘रडीचा डाव खडी’ सुरू करायची आणि तो कधी बसलाच, तर त्याच्या संघातलं कुणी त्याला अमृत द्यायला जायचं नाही. बाकीच्यांवर शिट्टीपेक्षा हे फार परिणामकारक, असा माझा अनुभव.

प्रश्न उरला तो ज्यांच्याकडे ब्लास्टर नाही त्यांचा. चांगल्या कंपनीचा ब्लास्टर दीड-दोन हजारांच्या घरात जातो. आमच्या वॉचमनची मुलगी रोज कट्ट्यावर बसून बघायची. बोलवलं तर मान हलवायची. तोडगा माझ्या भाच्याने दिला. तो शिकायला अमेरिकेत होता, मेरीलँडमध्ये. तिथल्या गाउचर कॉलेजमध्ये २००५ साली विद्यार्थ्यांनी ‘माणसं विरुद्ध झोंबी’ (झोंबी म्हणजे इंग्रजी सिनेमातली चालती-फिरती मढी) असा खेळ सुरू केला आणि तो पुढे कितीतरी कॉलेजांत पसरला. एका झोंबीपासून सुरुवात. तो ज्याला शिवेल तो झोंबी. माणसांनी दंडाला रुमाल बांधायचा, झोंब्यांनी डोक्याला. माणसांनी गोळी मारली तर झोंबी मरत नाही, पंधरा मिनिटं त्याला कुणाला शिवता येत नाही, एवढंच. वर्ग चालतात त्या इमारतींत खेळ बंद. आणि फोमच्या गोळीला पर्याय काय? मोज्यांचे गोळे! मोजा गुंडाळून फेकून मारला तरी चालतो.

मी फोनवर ऐकून खूप हसले. म्हणजे आपली साखळीच की ही, फक्त हात न धरता. दुसऱ्या दिवशी घरोघरचे विरलेले, एकेकटे उरलेले मोजे मागवले. चोपन्न जमले. धुवून, असं बजावलं होतं, तरी सगळे धुतलेले नव्हते. जुन्या ओढणीच्या पट्ट्या फाडून दंडाला आणि डोक्याला बांधल्या. पंधरा मिनिटं आमच्या पोरांना युगासारखी वाटतील म्हणून शंभर आकडे मोठ्याने मोजायचे ठरवलं. पहिला झोंबी कोण ते चकून ठरलं. वॉचमनची मुलगी खिशात चार मोजे कोंबून खेळायला उतरली. ब्लास्टरवाल्यांना गोळ्या भरायला वेळ लागतो, मोज्याला लागत नाही, हे तिला सगळ्यांच्या आधी समजलं.

त्या दिवशी तेवीस जण होते, आणि शेवटी ती एकटीच माणूस उरली. सापडेना. सापडली ती मीटरच्या खोलीच्या दाराआड. आता मीटरच्या खोलीजवळ जायचं नाही हा माझाच नियम, विजेचं काम, तिथे हयगय नाही. मी तिला बाद दिलं. सगळी पोरं, झोंबीसुद्धा, माझ्याविरुद्ध एक झाली. तीही दोन दिवस फुरंगटली. तिसऱ्या दिवशी आली ती सहा मोजे घेऊन.

तक्रारी आल्या, त्याही सांगते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बाल्कनीत कुरडया वाळत घातल्या होत्या आणि एक गोळी नेमकी त्यांच्यात जाऊन बसली. चीक ओला होता. गोळी रुतली ती काढताना तीन कुरडया मोडल्या. काकू म्हणाल्या, तीन नाही, पाच. पाच धरल्या. ब्लास्टरचं तोंड छातीच्या वर न्यायचं नाही हा नियम त्या दिवशी झाला. दुसरी तक्रार कचऱ्याची, आणि ती पत्रलेखकांनीही केली आहे. गोळ्या गटारात जातात, पावसाळ्यात तुंबतात, भटकी कुत्री चघळतात. म्हणून सव्वासहाला खेळ थांबवून पंधरा मिनिटं वेचणी. सुरुवातीला मोजून द्यायच्या, शेवटी मोजून घ्यायच्या. शेवटच्या दिवशी ३०० दिल्या, २९१ परत आल्या. उरलेल्या नऊपैकी दोन सोनचाफ्यावर आहेत, त्या खालून दिसतात. सातांचा शोध चालू आहे.

आता मूळ आक्षेप. मुलांच्या हाती बंदूक कशाला? खरं सांगायचं तर याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. नातू नेम धरताना एक डोळा मिटतो, तेव्हा मला अजूनही कसंसंच होतं. पण दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडून झाले की आम्हीच टिकल्यांची पिस्तुलं घेऊन गल्लीभर ठो ठो करत हिंडायचो, आणि पत्रलेखकांचं वय माझ्याएवढं असेल तर तेही हिंडले असणार. तेव्हा गल्ली होती. बंदी घातली तर खेळणं कुठे जाणार? कपाटात तर नक्की नाही. पुन्हा गच्चीवर.

आमच्या शेजारच्या बागेत फलक आहे. चेंडू खेळू नये, सायकल आणू नये, पळू नये, हिरवळीवर बसू नये. यांपैकी ‘पळू नये’ हे मी तीनदा वाचलं. बागेचा एक कोपरा, आठवड्यातून एक तास, जबाबदार मोठ्या माणसाच्या नावावर मुलांना द्यावा, एवढा विनंतीअर्ज मी संबंधित कार्यालयात दिला आहे. पोच मिळाली, उत्तर नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाला अशी जागा मिळाली असेल तर अर्ज कसा लिहिला तेवढं कळवावं.

शाळा सुरू झाल्याने आता रोजचा खेळ बंद, फक्त रविवारी, पाऊस नसेल तर. पत्रलेखक महोदयांना आग्रहाचं निमंत्रण. बी विंगच्या मागे, साडेपाचला. गॉगल माझ्याकडे जास्तीचे आहेत. मोजे मात्र घरून आणावेत, धुतलेले.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, चिंचवड

(नाव छापू नये ही विनंती. कुरडयांचा विषय अजून पूर्ण मिटलेला नाही.)