सॅलिनासहून बाबांना

सॅलिनास, कॅलिफोर्निया
१२ जुलै

ती. बाबांना शि. सा. न.

उन्हाळी वर्ग सुरू झाल्यापासून तुमच्या साखरशाळेची रोज आठवण येते. इथे ऊस नाही, लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी. पण नोव्हेंबर लागला की लेट्यूसचं काम ॲरिझोनात युमाकडे जातं आणि मजूरही बिऱ्हाड घेऊन मागोमाग जातात, ते वसंतात परततात. पोरांची शाळा मधेच तुटते, आपल्या ऊसतोडवाल्यांच्या पोरांसारखीच.

अशा मुलांसाठी इथे १९६६ पासून केंद्र सरकारची योजना आहे. मूल दुसऱ्या राज्यात गेलं तरी त्याची नोंद तिथल्या शाळेला कॉम्प्युटरवर बघता येते. तुम्ही मुकादमाच्या हाती चिठ्ठी द्यायचात ना, 'तिसरीत आहे, बारापर्यंत पाढे येतात' अशी! एरवी शाळा सुटल्यावर संध्याकाळी सहापर्यंत वर्ग असतात. आधी खाऊ, मग गृहपाठ, मग खेळ. कागदोपत्री या मुलांना 'ॲट रिस्क' म्हणतात. मला तो शब्द मुळीच आवडत नाही.

आमच्याकडे सात वर्षांची एक मुलगी आहे. फॉर्मवर घरची भाषा स्पॅनिश. आम्ही स्पॅनिशमधून विचारायचो, ती नुसती बघत राहायची. मंद आहे असं आम्ही धरून चाललो, याची मला फार लाज वाटते. तिसऱ्या आठवड्यात ती धाकट्या भावाच्या बुटाची नाडी बांधताना त्याच्याशी भराभरा बोलली, आणि न्यायला आलेल्या एका बाई म्हणाल्या, ही तर मिश्तेक बोलतेय! मेक्सिकोतल्या ओआहाकाकडची ही भाषा, स्पॅनिशशी तिचं काही नातं नाही. म्हणजे पोरीला एकदम दोन परक्या भाषा शिकायच्या होत्या.

इथे १९९८ मध्ये लोकांनी मतदान करून शाळांतलं दोन भाषांतलं शिक्षण जवळजवळ बंद पाडलं होतं. २०१६ मध्ये मतदानानेच ते बंधन उठवलं. पण मिश्तेक शिकवणारं आमच्याकडे कोणीच नाही. म्हणून दोन्ही भाषा येणाऱ्या एका मोठ्या मुलीला हिच्याशेजारी बसवलं. काल हिने मला एक ते दहा आकडे सांगितले, मी देवनागरीत उतरवून घेतले आणि वाचून दाखवले. तिने तीनदा मान हलवून माझा चार सुधारला. शेवटी हसली.

बंजारा मुलांसाठी तुम्ही शब्दांची वही केली होती, निळ्या पुठ्ठ्याची. ती कपाटात असेल तर दादाला तिच्या पानांचे फोटो काढून पाठवायला सांगा. पहिल्या पानावर तुम्ही कोणते शब्द घेतले होते, ते मला बघायचं आहे.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं का, कळवा.

तुमची,
माई