१४३३ नव्हे, १७१२ पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चीन युरोपच्या मागे का पडला, हा विषय निघाला की मिंग राजवटीचा दर्यासारंग झेंग हे याच्या १४३३ साली थांबलेल्या सागरी मोहिमांचा दाखला ठरलेला. दारं लावून घेतली, संपलं! पण १५६७ मध्ये मिंग दरबाराने किनाऱ्यावरच्या फुजियान प्रांतातल्या व्यापाऱ्यांना समुद्र पुन्हा मोकळा केला. पुढे मनिलामार्गे अमेरिकेची चांदी इतकी आली की सरकार करही चांदीतच घेऊ लागलं.

त्यापेक्षा १७१२ पाहावं. त्या वर्षी इंग्लंडात डडलीजवळच्या कोळसा खाणीवर न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन पाणी उपसू लागलं. ते भलतंच खादाड होतं. कोळशातल्या उष्णतेचा शंभरावा हिस्साही कामी येत नसे. खाणीच्या तोंडाशी, न खपणारा चुरा जाळूनच ते परवडे. चीनमध्ये कोळसा उदंड, पण उत्तरेच्या शान्शी प्रांतात. कारागीर आणि पैसा यांगत्सेच्या मुखाशी, जियांगनानमध्ये. मधलं अंतर हजारेक किलोमीटर, सुरुवातच डोंगरातून. त्यातही शान्शीच्या कोरड्या मुलखात खाणकामगारांना पाण्यापेक्षा पेट घेणाऱ्या वायूची धास्ती जास्त. पाणी उपसायचा पंप कुणाला सुचणार?

कल्पकता कमी होती म्हणावं, तर वांग झेनच्या १३१३ च्या शेतीग्रंथात पाण्यावर फिरणारं ३२ चात्यांचं यंत्र आहे. मात्र ते रामी या तागासारख्या झाडाच्या तंतूंसाठी. रामीचे सालीतले लांब तंतू आधीच जोडलेले असत, यंत्राने नुसता पीळ द्यायचा. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर. पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) ओढत बारीक करायचा आणि त्याच वेळी पीळ भरायचा. ओढ जास्त झाली की सूत तुटतं, कमी पडली की जाडंभरडं निघतं. हे काम बोटंच करत. रुळांच्या जोड्यांनी पेळू ओढण्याचं पेटंट इंग्लंडच्या आर्कराइटने घेतलं ते १७६९ मध्ये. तोवर चीनमधली कताई घरोघर बायकांच्या हाती होती आणि त्यांची मजुरी कुणी हिशेबात धरत नव्हतं. फुकटच्या हातांपुढे यंत्र महागच.

१७१२ मध्येच चीनच्या कांगशी बादशहाने डोईपट्टीचा (माणशी कराचा) आकडा आदल्या वर्षीच्या नोंदीवर कायमचा गोठवला. रयतेला दिलासा, यात वाद नाही. पण त्या शतकात लोकसंख्या दुपटीच्या घरात गेली, हा आकडा मात्र तिथेच राहिला. कचेरीचा खर्च भागवायला स्थानिक अधिकारी चांदी वितळवताना येणाऱ्या घटीच्या नावाखाली वरकड वसुली करत. अठराव्या शतकाच्या मध्यात ब्रिटिश सरकार वर्षाला ३ टक्क्यांनी कर्ज उभारत होतं. चीनमध्ये सरकारी कर्जरोखेच नव्हते आणि खासगी व्याजाची कायदेशीर कमाल मर्यादा महिन्याला ३ टक्के होती. सरकारी रोखा आणि गहाणवट यांची तुलना तंतोतंत नाही, मान्य. तरी शान्शीचा कोळसा जियांगनानला पोचवणारा जलमार्ग त्या दराच्या पैशात कुणी खोदला नसता.

– आर्थिक इतिहासाचा एक अभ्यासक