सूचना : जुन्या मोटारींच्या संग्रहालयाची सहल

सर्व सभासदांसाठी,
अहमदाबादजवळच्या कठवाड्याला ‘ऑटो वर्ल्ड’ पाहायला जाणारी बस शुक्रवारी सायंकाळी ५ वाजता सात रस्त्यावरून सुटेल. पावणेपाचला हजर राहा, थांबणार नाही. मूळ ओळखपत्र सोबत हवे.

• गाड्यांना हात लावू नका. घामातल्या मिठाने पितळ काळवंडते, पट्ट्याच्या बकलाने रंगावर चरे पडतात. सॅक बसमध्येच ठेवा.

• पायदानावर चढून फोटो नकोत. जुन्या बॉडीची आतली चौकट बहुधा लाकडी असते. वजनाने सांधे सुटतात.

• रेडिएटरखालचे भोक जरूर पाहा; त्यात हँडल घालून, हाताने फिरवून इंजिन सुरू करत. १९१२ साली कॅडिलॅक या अमेरिकी मोटार कंपनीने विजेवरचा स्टार्टर आणला. त्याआधी हँडल उलटे फिरून मनगटे मोडत.

जेवणाचा डबा शुक्रवारपुरता आणा. दही-भात नको, उन्हाळ्यात आंबतो.

– सहल समिती