आखातातले थकलेले कर्ज आणि वसुलीच्या धमक्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुबई, अबूधाबी, शारजा येथे नोकरी करून पुण्यात परतलेल्या अनेकांच्या मागे तिथल्या बँकेचे वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असते. नोकरी गेली आणि व्हिसा रद्द झाला की ठरावीक मुदतीत देश सोडावा लागतो आणि हप्ते तसेच राहतात. अशा कुटुंबांना मिळणारे सल्ले इतके चुकीचे असतात की, निवृत्त बँक कर्मचारी या नात्याने, हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटते.

‘एकदा भारतात आलात की तिथली बँक काही करू शकत नाही,’ असे सर्रास सांगितले जाते. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली अधिसूचना काढली असून, संयुक्त अरब अमिरातीतील ठरावीक न्यायालयांनी दिलेल्या पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे त्या निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, आता थेट आपल्या जिल्हा न्यायालयात दाखल करता येते. त्यासाठी बँकेला इथे नव्याने दावा लावण्याची गरज नाही. कर्जदाराला बाजू मांडण्याची संधीच मिळाली नसेल किंवा निकाल गुणदोषांवर, म्हणजे दाव्यातील मुद्दे तपासून, झालेला नसेल, तर त्याच संहितेच्या कलम १३ नुसार हरकत घेता येते. पण त्यासाठी शिवाजीनगर न्यायालयातून आलेले समन्स घ्यावे लागते, वकील द्यावा लागतो. ‘घरी कोणी नाही’ असे सांगून लिफाफा परत पाठवणाऱ्यांनी ही संधी स्वतःच घालवलेली असते.

याच्या उलट, वसुली एजंटाच्या नुसत्या फोनने हादरून गेलेली माणसेही मी पाहतो. माझ्या परिचयातील एका ज्येष्ठ भगिनींच्या व्हॉट्सॲपवर आलेली ‘नोटीस’ मी वाचली. वर राजमुद्रा, खाली लाल शिक्का, मजकुरात चोवीस तासांत अटक करण्याची धमकी. मात्र न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक, कोणाची सही, यांतले काहीच नव्हते. कर्ज मुलाचे होते आणि या बाईंनी जामीनदार म्हणून कुठेही सही केलेली नव्हती. त्यांच्यावर त्या कर्जाची कसलीही कायदेशीर जबाबदारी नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते आणि त्या दागिने मोडायला निघाल्या होत्या. खोटी कागदपत्रे दिली असतील तर गोष्ट वेगळी. एरवी निव्वळ हप्ते थकले म्हणून इथले पोलीस कोणाला अटक करत नाहीत. उलट अशी धमकी देणे हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा ठरू शकतो.

ज्यांना हे प्रकरण खरोखर मिटवायचे आहे त्यांनी एजंटाशी फोनवर घासाघीस करू नये. बँकेलाच ईमेल करून खातेउतारा मागवावा. त्यात मुद्दल, व्याज आणि दंड वेगळे दाखवायला सांगावेत, कारण बँक सूट देते ती बहुधा व्याज आणि दंडात. तडजोडीची रक्कम बँकेने लेखी कळवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, आणि पैसे त्या कर्जखात्यातच भरावेत, एजंटाच्या यूपीआयवर कदापि नाही. शेवटी कर्ज फिटल्याचे पत्र घ्यावे आणि कर्ज घेताना दिलेला सहीचा कोरा धनादेश परत मागावा. प्रवासबंदी किंवा फौजदारी तक्रार प्रलंबित नाही याची तिथल्या वकिलाकडून खात्री होईपर्यंत दुबईमार्गे विमानप्रवाससुद्धा टाळावा.

वकिलाची फी न परवडणाऱ्यांसाठी १९८७ च्या कायद्याने विधी सेवा प्राधिकरणे अस्तित्वात आली आहेत, आणि महिलांना तर उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने परदेशातील थकीत कर्जांसाठी आठवड्यातून एक दिवस स्वतंत्र सल्ला कक्ष चालवावा, आणि अशा बनावट नोटिसांची तक्रार घेऊन आलेल्यांना ‘हा दिवाणी मामला आहे’ असे सांगून परत न पाठवण्याच्या सूचना पोलीस आयुक्तालयाने सर्व ठाण्यांना द्याव्यात, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
कोथरूड, पुणे