शेंडा खुडून देणाऱ्या मालीकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

विकायला ठेवलेल्या रोपाचा शेंडा गिऱ्हाइकादेखत नखाने खुडणारा नर्सरीवाला विरळाच. तुम्ही बेसिलच्या, म्हणजे पास्त्यात घालतात त्या तुळशीच्या भावंडाच्या, रोपाला खाली पानांच्या तीन जोड्या राखल्यात, वरचा चार बोटं शेंडा तोडलात, ओल्या कागदात गुंडाळून हातात दिलात आणि म्हणालात, "हे दुसरं रोप. पेल्यात ठेवा." त्याचे पैसे धरले नाहीत. मन अजून त्या कागदापाशीच घुटमळतंय.

खालची पानं काढून तो पाण्यात ठेवला, एक दिवसाआड पाणी बदललं, नवव्या दिवशी पांढरी मुळं. मूळ रोपाला वरच्या जोडीच्या बेचक्यातून दोन फांद्या फुटल्या. त्या खुडल्यावर चार.

हे आधीच्या दुकानात कुणी का सांगू नये? त्यांच्या छोट्याशा कुंडीत वीसेक रोपं कोंबलेली. दिसायला भरगच्च, पण मुळांना जागा नाही. पंधरा दिवसांत पिवळी. तक्रार केली तर उत्तर तयार: रोज पाणी घाला आणि ही खताची पिशवी न्या. नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, रोज पाणी म्हणजे मुळं कुजायची पक्की सोय. तुम्ही खत विकलं नाहीत. आठ इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू, पाच-सहा तास ऊन, आणि बोट पेरभर खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. तेही सकाळी, बुंध्याशी. पानं रात्रभर ओली राहिली की शिरांमध्ये पिवळेपणा येतो, पानाखाली करडी बुरशी धरते. मग फवारणीवर पैसे न घालवता रोप उपटायचं, हेही स्पष्ट सांगितलंत.

आपल्याकडे बेसिल मरतं ते बहुधा भक्तीने. दिसतं तुळशीसारखं, म्हणून कुणी हात लावत नाही. द्वादशीला तुळस तोडत नाहीत. बेसिलची बाराही महिने द्वादशी! मंजिरी धरते, पानं बारीक आणि कडसर होतात. खरं तर फालुद्यातला सब्जा याच जातीचं बी. वाण्याकडचा सब्जा पेरला तर उगवेल, फक्त पानाला इटालियन वाणाचा गोड वास येईलच असं नाही.

आणि हो, पानं फ्रीजमध्ये ठेवू नका म्हणालात ते किती खरं! थंडीने काळी पडतात. ओट्यावर पाण्याच्या पेल्यात जुडी चांगली आठवडाभर टिकते. पास्त्यात गॅस बंद केल्यावरच हाताने तोडून घालायची, शिजवली की वास उडालाच. चटणी वाटताना मिक्सरचं भांडं आधी गार करून घेतलं तर रंग हिरवा राहतो.

दोन दांडे मी मुद्दाम फुलू दिलेत. वाळले की बी कागदात बांधून आणते. या वेळी पैसे धरायचे नाहीत, हे आमचं.

आपली,
तीन कुंड्यांची मालकीण